वाव्हळ सर आणि दुसरी पसंती

वाव्हळ सरांना चांगली बातमी सांगायला जाऊ नये, हे मी अनुभवाने सांगतो. माझं लग्न ठरलं तेव्हा पेढे घेऊन शिक्षकखोलीत गेलो. सरांनी पेढा तोंडात टाकला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "कार्यालय कुठलं?"

"नारायणगावला सर, मोकळं लॉन आहे."

"आन् पाऊस आला तर?"

"मे महिना आहे सर!"

"मे हाये ते कळलं. पण आला तर?"

असा राग आला मला! माणसाचं लग्न ठरलंय, आणि हा गृहस्थ पावसाच्या गोष्टी करतो. पाऊस काही आला नाही. पण सर शेवटची पंगत उठेपर्यंत लग्नात बसून होते, आणि त्यांच्या खिशात शेजारच्या शाळेच्या हॉलची किल्ली होती. तिथल्या मुख्याध्यापकांकडून त्यांनी ती आदल्या दिवशीच मागून आणली होती. हे मला दोन वर्षांनी, तेही दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

सर गणिताचे, मी चित्रकलेचा. आमच्या संस्थेच्या तीन शाळा. मुख्य शाळा मंचरच्या पूर्वेला उसाच्या पट्ट्यात, दुसरी जुन्नर तालुक्यात आणि तिसरी पार पश्चिमेला डोंगरात, भातखाचरांच्या वर. सर आणि मी मुख्य शाळेत. ते अवसरी बुद्रुकहून मोटारसायकलने यायचे, मी पिंपळवंडीहून एसटीने. त्यांच्या मोटारसायकलच्या हँडलला जादा क्लचवायर गुंडाळलेली असायची. खिशात दोन पेनं, दोन रुमाल. पावसाळ्यात अंगात रेनकोट आणि कॅरियरला छत्री. "दोन्ही कशाला सर?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं. "आन् एक न्हाई चाललं तर?"

वर्गात ते अगदी शुद्ध बोलायचे, बाहेर आले की आमच्यासारखेच. अंगाने किरकोळ, आवाज मात्र मैदानाच्या त्या टोकापर्यंत जायचा. मतदानाच्या बाबतीत हा माणूस भलताच हळवा. त्यांचे वडील तरुणपणी बौद्ध झालेले, दुसऱ्याच्या शेतावर राबलेले. मतदानाच्या दिवशी ते पहाटे दाढी करून, पांढरे कपडे घालून सगळ्यांच्या आधी रांगेत उभे राहायचे. सर सांगायचे, "वरीसभर बाबांना कुनी खुर्ची देत नसे. त्या दिवशी पाटलाच्या पुढं त्यांचा नंबर असायचा." हे सांगताना सर नेहमी दुसरीकडे बघायचे.

तर अशा माणसाला पसंतीक्रमाचं मतदान आवडलं नसतं तरच नवल. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात आपल्याकडे असंच मत देतात. शिक्का नाही, बटण नाही. नावापुढे आकडा लिहायचा. सगळ्यात हवा असलेल्याला एक, तो नाही जमला तर दोन, मग तीन. "आन् न्हाई झालं तर?" हा प्रश्न सरांआधी कुणीतरी मतपत्रिकेलाच विचारून ठेवला होता.

नववीची सहल त्यांनी एकदा असल्या मतदानानेच ठरवली. समुद्र, नाणेघाट की शिवनेरी? चाळीस पोरं. पहिली पसंती मोजली. समुद्राला सोळा, नाणेघाटाला तेरा, शिवनेरीला अकरा. समुद्रवाले बाकांवर उभे राहून नाचायला लागले. सर म्हणाले, "खाली बसा. चाळीसमधले सोळा म्हणजे निम्मे झाले का? एकवीस लागतात." मग सगळ्यात मागे राहिलेला शिवनेरी बाद केला, आणि त्या अकरा चिठ्ठ्यांवर दोन हा आकडा कुठे आहे ते पाहिलं. नऊ नाणेघाटाला, दोन समुद्राला. झाले नाणेघाटाचे बावीस, समुद्राचे अठरा. सहल नाणेघाटाला गेली.

आमचे खेळाचे ढोबळे सर तावातावाने आले. "सोळावाला हरला अन् तेरावाला जिंकला? हे कसलं हो गणित?"

"ढोबळे, तुमाला घरच्यांनी मंचरच्या बाजारात धाडलं. कोथिंबीर आणा, नसली तर मेथी आणा म्हणाल्या. मेथीचं नाव काढलं म्हणून कोथिंबीर कमी मिळती का?"

"नाय."

"कोथिंबीर असली तर मेथीकडं बघायचं बी न्हाई. संपली, तरच मेथी. दुसरी पसंती म्हंजे तेवढंच."

"अन् मेथीबी नसली तर?"

"मग राव, तिसरा आकडा कशाला अस्तो?"

ढोबळे सर मान हलवत निघून गेले. पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर शिक्षकांना हे सगळ्यात कमी पटतं. सरांनी एकदा शिक्षकखोलीत सरावासाठी कोऱ्या मतपत्रिका वाटल्या. बारा जण होतो. चौघांनी आवडत्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि खाली सही ठोकली, तारखेसकट! जन्मभर वह्या तपासल्याचा परिणाम. एकाने तिन्ही नावांना दहापैकी गुण दिले. दोघांनी दोन-दोन नावांपुढे 'एक' हाच आकडा लिहिला, का, तर कुणाला वाईट वाटायला नको. सरांनी एकेक चिठ्ठी वर धरली आणि म्हणाले, "बाद. बाद. ही बी बाद. अहो, पोरांना नापास करता, आन् सोताच?" आम्ही पोट धरून हसलो. मी तर सगळ्यात जास्त हसलो, कारण माझी चिठ्ठी बरोबर होती.

त्यानंतर संस्थेच्या कार्यकारी मंडळावर शिक्षकांचा एक प्रतिनिधी निवडायची वेळ आली. एरवी संस्थेचे सचिव, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एक नाव सुचवायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. सरांनी मागणी लावून धरली, की तिन्ही शाळांच्या शिक्षकांचं गुप्त मतदान घ्या, तेही पसंतीक्रमाने. नियम त्यांनी स्वतः लिहून दिले, दोन प्रती काढून. अण्णांनी हसत हसत मंजुरी दिली. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा निवृत्तीआधीचा छंद आहे, करू दे.

त्याच वर्षी डोंगरातली शाळा बंद करायचं मंडळात घाटत होतं. बावीस पोरं, दोन शिक्षक. "परवडत नाही," अण्णा म्हणायचे, "पोरं खालच्या शाळेत घालू." खालची शाळा नऊ किलोमीटर, मधे घाट. वरच्या शाळेतल्या लोहकरे बाई त्याच डोंगरातल्या. त्या एकदा मुख्य शाळेत मीटिंगला आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि वाव्हळ सरांना म्हणाल्या, "सर, पोरं जातील. पोरी नाय जाणार. आठवीत सात पोरी हायेत माझ्याकडं. शाळा मिटली की सातींची लग्नं लावत्याल."

मंडळात एकूण पाच मतं. दोन अण्णांच्या बाजूची, दोन विरोधात. पाचवं शिक्षक प्रतिनिधीचं. ते ज्याचं, निर्णय त्याचा.

अण्णांनी ढोबळे सरांना उभं केलं. ढोबळे माणूस वाईट नव्हे, पण अण्णांच्या शब्दाबाहेर जाण्यातला नव्हे. इकडून लोहकरे बाई उभ्या राहिल्या. आणि मग वाव्हळ सरांनीही अर्ज भरला.

मी धावत त्यांच्याकडे गेलो. "सर, तुम्ही दोघं उभे राहिलात तर मतं फुटतील! ढोबळे आरामात निवडून येतील!"

सर फळ्यावरचं गणित पुसत होते. "आपली जुनी मंडळी बाईंना एक नंबर देणार न्हाईत. वयाने लहान, बाईमाणूस, डोंगरातली. ते सरळ ढोबळ्यांना देत्याल. मी असलो तर मला देत्याल, आन् मी सांगितलं म्हणून बाईंना दोन. मी मागं पडलो की ती मतं बाईंकडं जात्याल. पूल हाये मी नुसता."

"आणि पुलावरच कुणी थांबलं तर?"

हा प्रश्न मी खरंच विचारला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा प्रश्न त्यांना विचारला. सर डस्टर खाली ठेवून म्हणाले, "म्हणून तर तुमी बोर्ड रंगवा."

मी रंगवला. पांढऱ्या ड्रॉइंगशीटवर निळ्या रंगात: 'एक लिहा, दोन लिहा, तीन लिहा. दोन लिहिल्याने एकाला धक्का लागत नाही.' आकडे मी माझ्या पद्धतीचे काढले. माझा एक जरा वेगळा असतो. डोक्याला गोल गाठ आणि शेपटी लांब, डावीकडे वळलेली. पोरं त्याला सरांचा नाग म्हणतात. तिन्ही शाळांत तीन बोर्ड लागले.

अण्णांना आता जाग आली. ते एकेका शिक्षकाला ऑफिसात बोलावून चहा पाजायला लागले. ढोबळ्यांच्या माणसांना सांगायचे, फक्त एक लिहा. आणि वाव्हळ सरांच्या माणसांनाही तेच सांगायचे! मलाही बोलावलं.

"तू वाव्हळ सरांचा माणूस. बरंय, त्यांनाच दे. मी कुठं नाही म्हणतो? पण दोन लिहिलंस ना, की एकाचं वजन घटतं. म्हाताऱ्याचं निवृत्तीचं वर्ष आहे, त्याला भरभरून पडू दे."

मी सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "लई हुशार हाये अण्णा," एवढंच बोलले. त्या आठवड्यात ते मधल्या सुट्टीत जेवायचे नाहीत. डबा तसाच ठेवून एकेकाजवळ जायचे आणि तेच कोथिंबीर-मेथी. लोक हो हो म्हणायचे. पाठ वळली की एकमेकांकडे बघायचे.

मतदान शनिवारी दुपारी, माझ्याच चित्रकलेच्या वर्गात झालं. खडूंच्या पत्र्याच्या डब्याला वर चीर पाडून मतपेटी केली होती. मुख्याध्यापिका थोरात बाई निवडणूक अधिकारी. बेचाळीस शिक्षक. लोहकरे बाई सकाळची एसटी पकडून आल्या होत्या आणि भिंतीला टेकून उभ्या होत्या, कुणी खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

माझी पाळी आली. आडोशाला गेलो. चिठ्ठीवर तीन नावं. सरांच्या नावापुढे मी माझा एक काढला, नीट, शेपटीसकट. पेन लोहकरे बाईंच्या नावाकडे नेलं, आणि हात थांबला.

काय सांगू तुम्हाला? बोर्ड मी रंगवला होता. कोथिंबीर-मेथी मला तोंडपाठ होती. अण्णा खोटं बोलतात हेही माहीत होतं. पण त्या क्षणी असं वाटलं, की इथे दोन लिहिणं म्हणजे सर हरणार हे मीच कागदावर लिहून देणं. ज्या माणसाने माझ्या लग्नात खिशात किल्ली ठेवली, त्याला मी दिवसाढवळ्या पाडतोय! आणि तळाशी कुठेतरी अण्णांचं ते वजनही होतं, नाही कशाला म्हणू? घटलं तर? ऊर भरून आला होता माझा. मी चिठ्ठीची घडी घातली आणि डब्यात टाकली. बाहेर आलो तो अगदी ताठ मानेने.

चार वाजता अण्णांच्या समोर डबा उघडला. एक चिठ्ठी बाद निघाली, बरोबरची खूण, खाली सही. कुणी हसलं नाही. राहिल्या एकेचाळीस. थोरात बाई वाचत होत्या, सर शेजारी उभं राहून पद्धत सांगत होते, कारण ती दुसऱ्या कुणाला येतच नव्हती. निवडून यायला एकवीस हवे, किंवा शेवटी दोघंच उरले तर ज्याची जास्त तो. पहिली पसंती मोजली: ढोबळे अठरा, लोहकरे बाई बारा, वाव्हळ सर अकरा.

"मी बाद," सर म्हणाले. आवाजात आनंद होता! सगळं त्यांनी मांडलं होतं तसंच चाललं होतं. "आता माझ्या अकरा घ्या, आन् दोन बघा."

थोरात बाई एकेक चिठ्ठी उघडायला लागल्या. "दोन, लोहकरे. दोन, लोहकरे. दोन, लोहकरे." वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येत होता. "पुढे काही नाही." ती चिठ्ठी बाजूला. "लोहकरे. ढोबळे. लोहकरे. पुढे काही नाही. लोहकरे. लोहकरे." बाईंचे एकोणीस झाले. ढोबळ्यांचे एकोणीस झाले. एक चिठ्ठी राहिली.

ती माझी होती. उलट्या बाजूने शाई उमटलेली मला बाकावरून दिसली. आत्ता, या घडीला, उठून म्हणावं का, की बाई थांबा, मला आत दोन लिहायचं होतं?

थोरात बाईंनी उघडली. उलटसुलट केली. "पुढे काही नाही," म्हणाल्या आणि सरांच्या हातात दिली.

सरांनी ती पाहिली. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पुन्हा पाहिली. अंगठा त्या आकड्यावरून फिरवला, हळू, शाई वाळलीय का बघावं तसा. मग बाजूच्या दोन चिठ्ठ्यांवर ठेवली. वर्गात सगळ्यांकडे त्यांनी एकदा नजर फिरवली, आणि मला तेवढं वगळलं. म्हणजे त्यांना कळलं होतं.

एकोणीस-एकोणीस. गलका झाला. अण्णांच्या कपाळावर घाम होता. ते घाईने म्हणाले, "समसमान आहे. चिठ्ठी टाकू. देवाच्या मनात असेल ते." लोहकरे बाई भिंतीपासून पहिल्यांदा पुढे आल्या. त्यांचे डोळे चमकत होते. निम्मी संधी तर होती! सरांनी लिहून दिलेला नियम सातवा कुणाच्याच लक्षात नव्हता. अण्णांच्या नाही, थोरात बाईंच्या नाही, ढोबळ्यांच्या तर नाहीच नाही.

सरांनी खिशात हात घातला. किती वेळ तो हात खिशात होता, मी सांगू शकत नाही. मग घडी घातलेला कागद बाहेर आला.

"चिठ्ठी टाकता येनार न्हाई," ते म्हणाले, आणि मग वर्गातल्या शुद्ध भाषेत वाचलं, "नियम सातवा. शेवटी दोघांची मते समान झाल्यास, पहिल्या पसंतीची मते ज्याला अधिक, तो निवडून आला असे समजावे." कागदाची घडी घालता घालता म्हणाले, "ढोबळे निवडून आले."

ढोबळे सर स्वतःच उठून म्हणाले, "सर, अहो राहू द्या ना, टाकू की चिठ्ठी." सरांनी मान हलवली. लोहकरे बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग पिशवी उचलून निघाल्या, कारण घाटावरची शेवटची गाडी साडेपाचला असते.

जूनमध्ये वरच्या शाळेला कुलूप लागलं. लोहकरे बाईंना जुन्नरच्या शाळेत घेतलं. सर त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपसमारंभात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तब्येतीला जपा," एवढंच. ते काही बोलले असते, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. मी त्यांना टाळायला लागलो. अवसरीला लग्नकार्य असलं तरी बायकोला एकटीला पाठवायचो.

मग पदवीधरची निवडणूक आली. मंचरला मतदान केंद्रावर रांगेत उभा होतो, तर दहा माणसं पुढे सर. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गुळगुळीत दाढी. ऊन रणरणत होतं आणि काखेत छत्री होती. मी आतून बाहेर आलो तेव्हा ते फाटकाशी एसटीची वाट बघत होते. आता टाळायला जागाच नव्हती.

"सर," मी म्हणालो, "ती शेवटची चिठ्ठी माझी होती."

"ठावं हाये. तसा नागाचा एक दोन्ही तालुक्यांत दुसरं कोन काढतं?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

"मत गुप्त अस्तं. मी बोललो असतो तर ते मत राह्यलं असतं का?"

"मी तुमच्यासाठी केलं हो सर. तुमच्या खाली दुसरं नाव लिहायला हात झाला नाही."

"माझ्यासाठी!" त्यांचा आवाज एकदम चढला, रांगेतली माणसं बघायला लागली. "माझ्यासाठी तुमी दोन लिहायला पायजे व्हतं राव. मी उभाच त्या दोनसाठी व्हतो. एक मला काय करायचा व्हता?"

मग त्यांनीच आवाज खाली आणला. "सातातल्या दोघी घाट उतरून येत्यात शाळेला. लोहकरे बाई सांगत व्हत्या. दोघी." त्यांनी दोन बोटं दाखवली आणि ती बराच वेळ तशीच ठेवली.

एसटी आली. सर चढले, खिडकीशी बसले, छत्री मांडीवर आडवी ठेवली. गाडी हलणार तेवढ्यात त्यांनी काच सरकवून डोकं बाहेर काढलं.

"आज काय लिहिलं?"

मी पुढे धावलो, तोंड उघडलं, तर त्यांनी घाईघाईने तळहात वर केला.

"नगं, नगं. सांगू नका."

गाडी वळणावर गेली तरी तो हात खिडकीत तसाच होता. त्या दिवशी मी मतपत्रिकेवरच्या शेवटच्या नावापर्यंत आकडे लिहिले होते, एकही नाव न सोडता. ते मला त्यांना सांगायचं होतं.